भिंतीपलीकडचा ठेका

भिंतीवर पुन्हा ठोके पडले तशी मयूरने ड्रमवरची काठी आवरली. पलीकडची खोली कालपासून बंद होती. कुलूप अनुजाने स्वतःच्या हाताने घातलं होतं आणि किल्ली तिच्याच खिशात होती.

घोडपदेवची ती चाळ पाडायला निघाली होती. मजल्यावर उरली होती एकट्या अनुजाची खोली, तीही उद्या सोडायची. त्यात मुंबईतल्या पंक संगीताचा इतिहास सांगणारी एक रेकॉर्ड निघत होती आणि अनुजा-मयूरचं गाणं आज संध्याकाळच्या आत पोचायला हवं होतं. सहा वर्षं दोघांनी बोंबलून घसे फाडले, पण कुत्रं विचारत नव्हतं. हे हुकलं की संपलंच.

कान द्यायचे ते फक्त शेजारचे रमाकांतकाका, तेही वैतागून. गिरणी बंद पडली, पुढे गळ्याचं ऑपरेशन होऊन आवाजही गेला. त्यामुळे तालीम सुरू झाली की ते भिंत बडवायचे. अनुजाला त्याचं कौतुकच. लंडनच्या बेकार पोरांनी गिटारच्या तीन कॉर्डवर बोंब ठोकली तेव्हाही शेजाऱ्यांनी भिंती बडवल्याच असतील, म्हणायची. लोक चिडले म्हणजे गाणं पोचलं.

गुरुवारी काकांचा मुलगा राकेश त्यांना नव्या घरी घेऊन गेला. भंगारवाला उरलंसुरलं उचलेल, मग दार तेवढं लावून घे, असं तिला सांगून गेला. काल दुपारी काकांची ती पोटमाळ्याची अंधारी खोली उघडीच दिसली. भंगारवाला येऊन गेला असणार म्हणून तिने दार ओढून कुलूप घातलं आणि ती मयूरकडे गेली, ती आज तालमीलाच परतली.

"उघडून बघूया का?" मयूरने विचारलं.

"रिकाम्या खोलीत काय बघायचंय?" तिच्याही अंगावर काटा आला होता. "भूत असलं तर असू दे. तुझ्यापेक्षा तालात आहे. वाजव तू."

तिने एक माइक भिंतीला टेकवला. मयूर घाबरत घाबरत वाजवू लागला. कडव्यागणिक ठोके वाढत गेले, अगदी जीव खाऊन. मग मंदावले. गाणं संपल्यावर एक पडला, बऱ्याच वेळाने आणखी एक. मग काही नाही.

असा शेवट ठरवून सुचत नाही. अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. गाणं तिने लगेच पाठवलं आणि तासाभरात उत्तर आलं, रेकॉर्डची सुरुवात यानेच करतोय. दोघं वेड्यासारखी नाचली.

तेवढ्यात राकेशचा फोन आला. कधी एकदा त्याला सांगते असं तिला झालं होतं, पण तोच आधी बोलला.

"अनुजा, बाबा रात्री तुझ्याकडेच राहिलेत ना गं? काल सकाळी चिठ्ठी ठेवून गेलेत, जुनी खोली एकदा बघून येतो म्हणून."