फर्नच्या कुंडीतली माती

औरादच्या घरात खिडकीपाशी ठेवलेल्या फर्नची पानं पिवळी पडत चालली होती. पाणी कमी करूनही फरक पडेना, म्हणून विजयश्रीनं माती बदलायला कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली. मुळांमधून फुगलेल्या लाल गोळ्या बाहेर पडल्या. त्या तिच्या नवऱ्याच्या, हरिओमच्या होत्या. मूल होईना, तपासणीत दोष त्याच्यात निघाला होता. "आईला सांगू नको, मी रोज घेतो," त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं. म्हणूनच तीन वर्षं सासूचे टोमणे तिनं गिळले. गोळ्यांसकट तो वर्तमानपत्राचा कागद तिनं जेवणाऱ्या हरिओमसमोर सरकवला. "कामून टाकायलाव कुंडीत?" त्यानं मान खाली घातली. "गोळी न्हाई घेतली की वाटायचं, दोष माझा न्हाईच." तेवढ्यात सासू आतून म्हणाली, "विजू, उद्या गुलबर्ग्याला दुसऱ्या डॉक्टरकडं जायचंय." "आत्याबाई," ती म्हणाली, "मी न्हाई, तुमचा लेक जाईल."