निकोलासाचा दावा

"आजी, इथे विचारतायत, गाण्याचा मालक कोण?" यूरानीने मोबाइलवरून मान वर केली.

"मी."

"पण गाणं तर पणजीने रचलेलं ना?"

"पणजी काय स्वर्गातून अर्ज भरणार आहे? लिही. निकोलासा कासियानी. पूर्ण लिही."

नातीने लिहिलं. बटण दाबलं. दावा गेला.

दोन वर्षं निकोलासा हा क्षण मनात घोळवत होती. बोगोताहून एक बाई कॅमेरा घेऊन गावात आली, नेमका त्याच आठवड्यात निकोलासाचा घसा बसला होता. म्हणून तिच्याऐवजी तिची मैत्रीण एदुविहेस गायली. नदीवर धुणं धुताना निकोलासाच्या आईने रचलेलं गाणं. निकोलासानेच एदुविहेसला ते ओळ न् ओळ शिकवलेलं. व्हिडिओ एका फुकटच्या संकेतस्थळावर चढला आणि नऊ लाख लोकांनी पाहिला. खाली नाव एकच, एदुविहेसचं. कुणा जपानी माणसाने तिला 'नदीची राणी' म्हटलं. निकोलासाही त्या व्हिडिओत होती. कडेला, टाळ्यांचा ठेका धरताना, फक्त कोपरापासून पुढचे हात.

उघड भांडायची सोय नव्हती. एदुविहेसच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी निकोलासानेच धर्ममाता म्हणून हातांवर धरलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत, आणि कोमाद्रेशी भांडणारीला आमच्याकडे देवसुद्धा दारात उभी करत नाही. निकोलासा हसायची, कॉफी पाजायची, आणि ती गेली की नातीला विचारायची, "आज किती झाले गं?" आकडा ऐकला की घास घशाखाली उतरत नसे.

चौथ्या दिवशी व्हिडिओ गेला. काळा पडदा, त्यावर पांढरी ओळ: निकोलासा कासियानी यांनी हक्क सांगितल्यामुळे हा व्हिडिओ काढून टाकला आहे. तिने ती ओळ नातीकडून तीनदा वाचून घेतली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. तळलेला मासा, वर दोन केळी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एदुविहेस दारात. निकोलासाने पदर नसला तरी कंबर कसलीच. बोलायचं ते सगळं जिभेवर तयार होतं.

एदुविहेसच्या हातात परडी होती. पानात उकडलेले मक्याचे बोयो, अजून वाफाळते. "घे, तुझ्यासाठी केले. आज मला किती आनंद झालाय म्हणून सांगू!"

"कसला?"

"म्हणजे तुला ठाऊकच नाही? अगं, त्या बोगोतावालीला दोन वर्षं फोन करकरून मी थकले. म्हटलं, बाई, गाणं माझं नाही, माझ्या कोमाद्रेच्या आईचं. तिचं नाव घाल. ती नुसतं हो हो करायची. शेवटी घातलं बघ!"

तिने मोबाइल पुढे केला. काळा पडदा, पांढरी ओळ.

"मला मेलीला कुठे वाचता येतं? पण तुझं नाव मी ओळखते. थोरल्याच्या बाप्तिस्म्याचा कागद भिंतीवर लावलाय ना, त्यात आहे. रोज पाहते."

यूरानी उठून आत गेली.

एदुविहेसने खुर्ची ओढली, तिच्याजवळ सरकून बसली. "माझा मोबाइल तेवढा बिघडलाय, गाणंच वाजत नाही. तुझ्यावर लाव ना, कोमाद्रे. एकदा तुझ्या नावासकट ऐकू दे."