अठरा पेले पाणी

शाकिर आगाने चाप पुन्हा ओढला. चाप तसूभरही हलला नाही. त्याने बंदूक नझमी उस्ताच्या, म्हणजे बंदुकांच्या त्या कारागिराच्या, फळीवर ठेवली आणि उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

"गंजलाय आतून," तो म्हणाला. "काल माळावर बाटल्या मांडल्या होत्या. सगळं गाव बघत होतं, आणि बारच निघेना."

"हात कसाय आता?" उस्ताने विचारलं. जूनमध्ये आगा तुतीच्या झाडावरून पडला होता. मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं.

"हाताला काय झालंय? ठणठणीत आहे. बंदूक म्हातारी झाली. तसा तो डोंगरही गेल्या वर्षापेक्षा उंच झालाय, पण त्याला काही तुझ्या दुकानात आणता येत नाही."

त्या गावात दर दुसऱ्या घरात बंदुका बनत. ही दुनळी नझमीच्या वडिलांनी बनवली होती आणि एकेचाळीस वर्षं आगाच्या खांद्यावर होती. काल बाटल्या उभ्याच राहिल्यावर आगा रागाच्या भरात चहाखान्यात बोलून बसला होता, की शिकारीच्या पहिल्या दिवशीही बार निघाला नाही तर बंदूक जावयाची. जावई तुरगुतने आज सकाळीच तिच्यासाठी नवा चामडी पट्टा विकत घेतला होता.

उस्ताने नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली. बंदूक उभी धरून फळीवरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळली. चापाला तारेने ऑलिव्हचा रिकामा डबा टांगला आणि चाप किती वजनाला सुटतो ते बघायला चहाच्या पेल्याने त्यात पाणी ओतू लागला. अठराव्या पेल्याला खट् झालं. उस्ताने पाण्याच्या पातळीवर डब्याच्या आतून खिळ्याने खूण ओरखडली. डब्यात इतर बंदुकांच्या जुन्या खुणा बऱ्याच होत्या. नवी खूण त्यांच्यातच बसली.

"जड आहे ना?" आगाने विचारलं.

उस्ताने डब्यातून नजर काढून आगाच्या खिशातल्या हाताकडे पाहिलं. "जड आहे," तो म्हणाला.

"मग लाव कानस. लोण्यासारखा करून दे."

"कानस नाही लावणार. आतला दात केसभर जास्त घासला गेला, तर दार आपटलं तरी बार उडेल. आणि हे माझ्या वडिलांचं पोलाद आहे, आगा. ते वापरूनच झिजवावं लागतं. रिकामी काडतुसं घालायची, बंदूक बिजागरीवर मोडायची, मिटायची, चाप ओढायचा. रोज दोनशे वेळा. इथे, माझ्या डोळ्यांसमोर."

"दोनशे?"

"आणि उजव्याच हाताने. डाव्याने ओढलात तर दात वाकडा झिजतो."

शिकार सुरू व्हायला चाळीस दिवस होते.

पहिल्या दिवशी आगाने अकरा वेळा चाप ओढला, तोही दोन बोटांनी. कपाळावर घाम आला. शेजारचा, बंदुकांचे लाकडी दस्ते कोरणारा फिक्री दारातून डोकावला. "काय आगा, त्या भिंतीवर तितर बसलेत वाटतं?"

"बसलेत. तुझ्यापेक्षा हुशार आहेत, बोलत तरी नाहीत."

दहाव्या दिवशी साठ झाले. विसाव्या दिवशी त्याने दुसरं बोट सोडलं. बायको दुपारचे पालक भरलेले खुसखुशीत बोरेक दुकानातच पाठवू लागली. आगा एका हाताने खाई आणि दुसऱ्या हाताने चाप ओढी. "झिजतोय बरं का," तो म्हणे. "मला जाणवतंय." उस्ता मान वर न करता "हं" म्हणे. संध्याकाळी तो बंदूक पुसून कपाटात ठेवी.

पस्तिसाव्या दिवशी समोरचा चहा निवायच्या आत आगाचे पन्नास होऊ लागले.

शिकारीच्या पहिल्या दिवशी, दुपारच्या नमाजानंतर, दुकानाचं दार धाडकन उघडलं. आगाच्या कमरेला दोन तितर लटकत होते. मागे तुरगुत होता. त्याच्या खांद्यावर त्याची स्वतःची जुनी बंदूक आणि हातात तो कोरा पट्टा.

"दोन बार, दोन तितर," आगा म्हणाला. "लोणी रे, निव्वळ लोणी. याला मोजून दाखव."

"आधी चहा घ्या," उस्ता म्हणाला.

"चहा कुठे पळून जातोय? मोज."

"आगा, मोजायचं कशाला? लागले ना तितर?"

"हा म्हणतोय, माझं नशीब होतं." आगाने नळ्या तपासल्या, बंदूक स्वतःच व्हाइसमध्ये आवळली, डबा टांगला आणि पेला भरून घेतला. "मोज रे तुरगुत. नऊच्या पुढे जाणार नाही."

तुरगुत मोजू लागला. नऊ झाले. चाप जागचा हलला नाही. "जरा थांब," आगा म्हणाला आणि दहावा ओतला. बारा झाले. फिक्री दारात येऊन उभा राहिला. चौदा. पंधरा. आगाचा हात सावकाश चालू लागला. उस्ता उगाचच फळीवरचा भुसा झाडत होता.

"सतरा," तुरगुत म्हणाला. "अठरा."

खट्.

आगाने डब्यात वाकून पाहिलं. पाणी खिळ्याच्या खुणेला नेमकं टेकलं होतं.

"चाप तर तेवढाच जड आहे. मग झिजलं कुठे?"

"कुठेच नाही," उस्ता म्हणाला. "बंदूक खोललीच नाही मी."

आगाने उजवा हात वर धरला. तर्जनी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. त्याचे खांदे हलू लागले, आणि तो हसतोय हे कळायला बाकीच्यांना क्षणभर लागला. तुरगुतने हातातला पट्टा सासऱ्याच्या बंदुकीला अडकवला आणि बक्कल घट्ट केलं.

आगाने डोळे पुसले. कमरेचा एक तितर सोडवून फळीवर ठेवला, मग खाली वाकून आपला गुडघा चोळला.

"उस्ता," तो म्हणाला, "डोंगर कधीपासून घासायला घ्यायचा?"