कर्णिकबाईंनी सुचवलेलं पुस्तक

"कर्णिकबाई म्हणाल्या, हा कथासंग्रह वाचायलाच हवा," असं म्हणत सबनीसांनी काउंटरवर चिठ्ठी ठेवली आणि ग्रंथपाल हेमांगीबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आजवर सबनीस त्यांनी सुचवलेलंच पुस्तक मुकाट्यानं घरी नेत आले होते. आता बागेतल्या हास्यक्लबात खोखो हसणारी ती बाई त्यांना पुस्तकं सुचवणार?

"बाहेर गेलाय तो," त्या तुटकपणे म्हणाल्या.

संग्रह मागच्याच कपाटात होता. संध्याकाळी त्यांनी तो पिशवीत घालून घरी नेला, पानोपानी खोट काढायच्या इराद्यानं. दूध तापत ठेवून त्या ओट्यापाशीच वाचायला लागल्या. पहिल्या गोष्टीतल्या बाईच्या मेलेल्या नवऱ्याचा आवाज विहिरीत राहून गेला होता आणि ती रोज पोहऱ्यातून त्याची एकेक हाक वर काढत होती. "काहीतरीच बाई!" असं पुटपुटत हेमांगीबाईंनी पान उलटलं. दूध उतू जाऊन करपल्याचा वास आला, तेव्हा त्या पदरानं डोळे पुसत होत्या.

पुढच्या आठवड्यात सबनीस पुन्हा आले. "आला का तो संग्रह?"

"आला." त्यांनी पुस्तक पुढे सरकवलं खरं, पण वरचा हात काही उचलवेना. मग सबनीसांकडे न बघताच त्या म्हणाल्या, "आणि हे वाचून झाल्यावर माणसानं पुढं काय वाचावं, तेही विचारून या तुमच्या कर्णिकबाईंना. मी विचारलंय म्हणून सांगाल, तर खबरदार!"