छताची खालची बाजू

बाबा नोकरीत असतानाच गेले. ऊर्जानगरचं कंपनीचं क्वार्टर काही महिन्यांत सोडायचं होतं, म्हणून आईसाठी मी घाईने घर बांधायला घेतलं. छताचे तयार स्लॅब कारखान्यातून आले आणि क्रेनने एका दिवसात भिंतींवर बसले.

दुसऱ्या सकाळी गोवर्धन मिस्त्रींनी वर बोट दाखवलं. दाराजवळच्या स्लॅबच्या खालच्या बाजूला अनवाणी पावलाचा ठसा रुतलेला होता.

"वरून असतं तर कोनी ओल्यावर चाललं म्हटलं असतं, ताई. पन हे खालची बाजू लोखंडी साच्याले चिकटून असते. इथी पाय जाईनच कसा?"

"पुट्टी भरा," मी म्हणाले. बरेच दिवस मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

त्यांनी भरली. पुढच्या सकाळी पाऊल पुढच्या स्लॅबवर होतं, बोटं आतल्या खोलीकडे. मग रोज एक. चौथ्या दिवसापासून मी पुट्टी भरू दिली नाही. बाबांनी हे घर पाहिलं नव्हतं. पाहून घेऊ देत, असं मनात आलं.

आई राहायला आली तेव्हा पावलं तिच्या खाटेच्या बरोबर वर येऊन थांबली होती, दोन्ही शेजारी शेजारी. मी तिला सगळं सांगितलं. खाटेवर बसून तिने वरच्या ठशांचं एकेक बोट निरखलं. मग तिने माझा हात घट्ट धरला.

"हे तुह्या बाबाचे पाय नाईत."