पट्ट्यांचा डबा

वर्ग संपला, सगळे चटया गुंडाळून गेले, तरी निमकरकाकू दाराशीच घुटमळत राहिल्या.

"सर, रागावू नका. माझ्या मेलाटोनिनच्या गोळ्या परत मिळतील का? तीन आठवडे झाले, डोळ्याला डोळा लागत नाही. तुम्ही सांगता तसं सगळं करते हो. माझंच काहीतरी चुकत असेल. सांगायलाही लाज वाटते."

मी योगनिद्रा शिकवतो. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर झोपेच्या गोळ्यांच्या पट्टीवर नाव लिहून ती माझ्या स्टीलच्या डब्यात टाकायला लावतो. लोक टाळ्या वाजवतात. "झोप दुकानात मिळत नाही," हे माझं ठरलेलं वाक्य.

तेच म्हणणार होतो, पण काकूंचे तांबारलेले डोळे पाहून जीभ रेटेना. कपाटातून डबा काढला. मी हो-नाही करतोय तोवर त्यांनीच झाकण उघडलं.

आतल्या सगळ्या पट्ट्या रिकाम्या होत्या. डबा भरलेला दिसावा म्हणून मी त्या फेकल्या नव्हत्या. फक्त काकूंच्या पट्टीत दोन गोळ्या उरल्या होत्या. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी उगाच माझ्या चटईची कड सरळ करत बसलो.

पट्टी मधोमध मुडपून काकूंनी तिचे दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढे धरला.

"घ्या, सर. उद्या वर्ग घ्यायचाय ना तुम्हाला?"

मी नको म्हणालो नाही.