कुंडलिकची मिशी

साहेबांच्या मिशा हलल्या. बाजूच्या दाराशी उभ्या असलेल्या जोतीरामला एवढंच दिसलं. काय विचारलं ते कळायला मार्ग नव्हता. मिशा कसल्या, दोन खारी समोरासमोर निजल्यासारख्या! खालून शब्द निघाला तरी केसांत अडकून बसत असणार. साहेबांच्या टेबलापुढं जोतीरामचा मुलगा कुंडलिक उभा होता. नारायण मास्तरांची काळी टोपी त्यानं कानांपर्यंत ओढली होती.

जोतीरामचे कान गिरणीनं खाल्ले होते. मागांच्या खात्यात आवाज असा, की खिडकीवरचा कावळा ओरडायचं सोडून नुसती चोच उघडायचा, आणि पलीकडचा कावळा ती चोच बघून बरोबर उडून यायचा. खोटं वाटेल त्यानं सोलापुरात जुन्या माणसांना विचारावं. खात्यातली माणसंही तशीच बिनआवाजाची, नुसत्या ओठांनी बोलायची. पण कानांमागोमाग जोतीरामच्या आतलंही काहीतरी बंद पडलं. बायको गेली तेव्हा डोळ्यांना पाणी आलं नाही. गिरणीनं घरी बसवलं तेव्हा राग आला नाही. जुने सोबती पांगले. भाकरी आली की खायची, ऊन आलं की सावलीला सरकायचं, एवढंच उरलं.

उरला होता तो कुंडलिक. कळायला लागल्यापासून बापाशी ओठांनीच बोलत आलेला. त्या खोलीत बापलेकांची कडाक्याची भांडणं होऊन मिटायची, आणि भिंतीपलीकडच्या सोजरबाईला वाटायचं, दोघं कवाच निजले.

नारायण मास्तर गिरणीकामगारांची हुशार पोरं हेरायचे आणि मारुतीच्या देवळात त्यांची मॅट्रिकची तयारी करून घ्यायचे. कुंडलिकला त्यांनी इंग्रजी शिकवलं, भूमिती शिकवली. घाम फुटला तो त्याला आवाज काढायला शिकवताना.

“अरे, नुसतं तोंड काय हलवतोस माशासारखं? कॉलेजातले साहेब काय तुझे दात मोजणार आहेत?”

पोरगं बोलायला शिकलं. मॅट्रिकही झालं. फक्त घाबरलं की आवाज जायचा आणि ओठ तेवढे राहायचे.

मधेच एक अडचण झाली. कुंडलिकला मिसरूड फुटलं आणि बघता बघता ओठावर उतरलं. एका सकाळी जोतीराम त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. म्हणाला, “काय म्हणतूस, दिसंना झालंय.”

कुंडलिक तसाच उठून भीमा न्हाव्याकडं गेला. भीमानं वस्तरा मागं लपवला. “बाप जिता हाय आन् मिशी काढतूस? माज्या हत्याराला पाप लावतूस व्हय?”

मग पोरानं स्वतःच खरडली. चार ठिकाणी कापून घेतलं. सोजरबाईनं दारातच गाठलं. “मेल्या, धडधाकट बाप घरात बसलाय आन् तू सुतकी त्वांड घिऊन गावभर फिरतूस? लाज न्हाय वाटत?”

कुंडलिक नुसता हसला. तेव्हापासून त्याचा ओठ कायम तुळतुळीत. जोतीरामला त्याचं ना सुख, ना दुःख. शब्द परत दिसायला लागले, झालं.

आणि आता हे पुण्याचे साहेब आले होते. त्यांच्या कॉलेजच्या वसतिगृहात राहण्याजेवणासकट शिक्षण मिळेल अशी एक जागा होती, आणि यंदा ती सोलापूरच्या मुलाला द्यायची होती. काल संध्याकाळी कुंडलिकनं बापाला ओठांनी सगळं सांगितलं होतं.

“पर आबा, ती बिनबापाच्या पोरालाच द्यायची, असं दात्यानं घालून दिलंय. मास्तर म्हणत्यात, हातापाया पडून बघू.”

“आन् न्हाय मिळाली तर?”

“तर गिरणी हाय की. मागावर घेत्याल.”

जोतीरामनं मान हलवली होती आणि भाकरीचा तुकडा मोडला होता.

साहेबांच्या मिशा पुन्हा हलल्या. या वेळी जरा हळू, मऊ. कुंडलिक गोंधळला. त्यानं दाराकडं, बापाकडं पाहिलं. तोंड उघडलं. आवाज नाही. शेजारी उभ्या असलेल्या मास्तरांनी डोळे मिटून घेतले. साहेब खुर्चीत पुढं वाकले, कानामागं हात धरला, मग कपाळाला आठी घातली. पोरगं मुकं आहे की मठ्ठ, हेच त्यांना उमगेना.

त्या खोलीत कुंडलिकचं उत्तर एकट्या जोतीरामला कळलं.

“वारल्यात कुटं? हे काय, हितं दारात हुबं हायेत माजं आबा.”

उत्तरावरून त्याला प्रश्न कळला. साहेबांनी तो टोपीखालचा तुळतुळीत ओठ बघून विचारला, तेही कळलं. सोजरबाई आठवली. भीमा न्हावी आठवला. आत कुठं काही हललं नाही. माग बंद पडल्यावर खातं जसं शांत होतं, तसंच होतं सगळं.

तो आत आला.

“पोरगं घाबरलंय, साहेब. म्या सांगतो.” बहिऱ्या माणसाचा आवाज तो, खिडकीची काच थरथरली आणि साहेबांचा टाक टेबलावरून खाली गेला. “म्या ह्येचा चुलता.”

मास्तरांनी डोळे उघडले, खाली वाकले आणि टाक शोधत बसले. कुंडलिकचे ओठ भराभरा हलायला लागले. जोतीरामनं जन्मात पहिल्यांदा त्या ओठांवरची नजर काढली आणि साहेबांच्या मिशांकडं लावली.

“बाप मेला ह्येचा. न्हायतर पोरानं मिशी कशापायी काढली असती?”